सूपभर कोंडा

काचपट्टीवरचे तिन्ही थेंब दूध नासावं तसे फुटले. निळ्या द्रवातला, पिवळ्यातला आणि बिनरंगी द्रवातलाही. एबी पॉझिटिव्ह. गेली एकवीस वर्षं मी धाराशिवातल्या एका रक्तपेढीत हेच बघते आहे. दिवसातून तीस-चाळीस वेळा थेंब फुटतात किंवा फुटत नाहीत, मी रजिस्टरात गट लिहिते आणि पुढची पट्टी घेते. आज पुढची पट्टी घेतली नाही. नळीवरचं लेबल पुन्हा वाचलं. कडूबाई, वय सत्त्याण्णव, मुक्काम अणदूर. नमुना दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यातून सकाळी मीच काढून आणला होता, त्यामुळे नळ्यांची अदलाबदल झाली असेल असं म्हणायची सोय नव्हती. कडूबाई म्हणजे माझी आजी, आईची आई. आणि माझ्या आईचा गट ओ आहे.

एबी गटाच्या बाईला ओ गटाचं मूल होत नाही. ए किंवा बी, दोनपैकी एक खूण तिच्याकडून मुलात उतरतेच. याला अपवाद आहेत आणि मी आधी त्यांच्याच मागे लागले. आईचं रक्त माझ्याकडे होतं. सकाळी तिने बाही वर करून हात पुढे धरला होता, “म्हातारीला रक्त लागणार म्हणतात, माझं काढ, पोटच्या पोरीचं लागू पडतं.” सत्त्याहत्तरीच्या बाईचं रक्त कुणी घेत नाही हे तिला पटेना, म्हणून समजुतीखातर एक नळी भरून घेतली होती. बॉम्बे गट म्हणतात त्यात माणूस ओ दिसतो आणि नसतो. ती तपासणी केली. आई साधी, सरळ ओ निघाली. दुसरा एक दुर्मीळ प्रकार आहे, ए आणि बी या दोन्ही खुणा एकाच गुणसूत्रावर बसलेल्या असण्याचा. त्यात बीची बाजू दुबळी दिसते. आजीची बी खडीसाखरेच्या खड्यासारखी घट्ट होती. पेशी तपासल्या, रक्तद्रव तपासला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तीनदा. मग हातमोजे काढून मी स्टुलावर बसले. फ्रीजची घरघर चालू होती. हे यंत्र एवढा आवाज करतं हे मला आजवर जाणवलं नव्हतं.

आमच्या घरात अभिमान म्हणावा अशी एकच गोष्ट. जमीन बेताची, शिक्षण माझ्यापासून सुरू झालेलं. पण बायका जगतात. आजीची आई चौऱ्याण्णवला गेली, तीही शेंगा फोडता फोडता, पुढ्यातली पाटी संपवून. आजी सत्त्याण्णव. परवा ओट्यावरून उतरताना खुबा मोडला, तोवर स्वतःचं पाणी स्वतः भरत होती. आई सत्त्याहत्तर आणि तामलवाडीहून अणदूरला एसटीने एकटी जाते. मी लेकीला, निकिताला, ती फार्मसीला गेली तेव्हा कागदावर काढून दाखवलं होतं, की पेशीत एक असा भाग असतो जो फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही वाटा नाही. पणजीचा आजीत, आजीचा माझ्यात, माझा तुझ्यात. वरून खाली एक सरळ रेघ मारली होती. पट्टी लावून. मला पट्टीशिवाय रेघ आवडत नाही. आता त्या रेघेत आजी आणि आई यांच्यामध्ये बोटभर जागा रिकामी दिसत होती, आणि मी विज्ञान शिकलेली बाई, अठ्ठेचाळीस वर्षांची, माझा पहिला विचार काय, तर आता आपण किती जगणार.

लाज वाटली. मग नावं आठवली. आजीच्या आधीची तीन मुलं गेली म्हणून ती कडूबाई. मरणाने तोंडात घ्यावं आणि थुंकून टाकावं असं नाव. आजीची दोन गेली म्हणून आई कोंडाबाई. दहावीच्या फॉर्मवर आईचं नाव लिहिताना मी अक्षर बारीक काढलं होतं, शेजारच्या बाकावरच्या मुलीला वाचता येऊ नये म्हणून. कडू, कोंडा आणि मग एकदम मी, सोनाली. लस आली, दवाखाना आला, मुलं जगू लागली, आणि तीन पिढ्यांत भीती नावातून निघून गेली. हे मी एकदा कॉलेजच्या मुलांना व्याख्यानात सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. कोंड्याची रीत मला माहीत होती. आधीची मुलं गेली असली की नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने सूपभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं, पाच दिवस आपलं म्हणून पाजायचं आणि मग सांभाळायला म्हणून आईकडे परत द्यायचं. पोर दुसऱ्याचं आहे असं वाटून मरण दाराशी चुकतं. आईला घेणारी शेजारीण म्हणजे इरम्मा, बंडप्पांची बायको. हेही सगळ्यांना माहीत. दर मार्गशीर्षात आमचा दोन गावांतला देव अणदूरहून नळदुर्गला मुक्कामाला निघाला की आजी इरम्माकडे सूपभर कोंडा पाठवायची, आणि तो आईनेच न्यायचा. लग्न होऊन तामलवाडीला गेली तरी तेवढ्यासाठी माहेरी यायची. मी लहान असताना बरोबर गेलेली आहे. इरम्मा कोंडा म्हशीपुढे टाकायची, त्याच म्हशीचं दूध काढून आईला वाटीभर द्यायची आणि ती पिऊन होईपर्यंत चुलीपाशी बसून राहायची. माझ्या हातावर गूळ ठेवायची. मामा हसायचे, “आये, त्यांच्याकडं तीन म्हशी, कणग्या भरलेल्या, आन् तू कोंडा धाडतीस?” आजी म्हणायची, “रीत हाय.”

आणि ती सुट्टी. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या तीन बाटल्या घेऊन अणदूरला आलेली. ओट्यावर पाट मांडून मी सगळ्यांचे गट काढले. बलभीम मामा बी, आई ओ, मी ए. कुणाकडून काय आलं ते समजावून सांगत होते, फार आनंदात, आणि आजी खांबाला टेकून ऐकत होती. तिचा नंबर आला तशी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “म्या न्हाय देणार.” सगळे हसले. बाभळीचा काटा स्वतःच्या टाचेतून स्वतः उपटणारी बाई सुईला घाबरली म्हणून मामांनी गावभर सांगितलं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तिने कुणाला रक्त काढू दिलं नाही. ताप आला, कावीळ झाली, तरी नाही. मी दर वेळी तिच्यापुढे तपासणीचं महत्त्व मांडत राहिले. आजही सकाळी टोचताना तिने मान फिरवली नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तेव्हा नळीकडे पाहत होते.

रजिस्टरात मी एबी लिहिलं. दुसरं काही लिहिता येत नव्हतं. चुकीच्या गटाने माणूस मरतो. पण चिठ्ठी दवाखान्यात जाणार, ती आजीपाशी थांबलेल्या निकिताच्या हातात पडणार, आईचा गट निकिताला पाठ आहे, आणि आई खाटेशेजारी बसून विचारणार, “काय निघालं म्हातारीचं?” निकिताचा चेहरा काही लपवत नाही. आईचं सगळं आयुष्य ‘मी कडूबाईची लेक’ या तीन शब्दांवर उभं आहे. सासू तोडून बोलायची तेव्हा, माझे वडील गेले तेव्हा, ती तेवढंच म्हणायची आणि उठून कामाला लागायची. ते शब्द माझ्या अक्षरातल्या एका चिठ्ठीने खोटे ठरणार होते. मी चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात घातली आणि गल्लीतून चालत गेले. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. काय करायचं ते ठरलं नव्हतं, तरी पाय मात्र नेहमीच्या वेगाने चालत होते.

खोलीत आजी एकटी होती. आई आणि निकिता चहाला खाली गेल्या होत्या. आजीच्या पायाला वजन टांगलं होतं आणि ती छताच्या पंख्याची पाती मोजत असावी तशी वर बघत होती. मी आत गेले तशी नजर न हलवता म्हणाली, “कळलं व्हय तुला?”

मी खुर्ची ओढून बसले. व्हय म्हटलं.

“मला ठाव हुतं. तू त्या बाटल्या घिऊन आलतीस, तवाच म्हणलं, ही पोर एक दिस मला पकडणार.” मग, “भूल दिल्यावर माणूस बडबडतं म्हणं?”

“तुला पाठीत सुई देणार आहेत, आजी. शुद्धीवर असशील.”

“मग बरं. तोंड मिटून ऱ्हाईन.”

पुढचं तिने फार थोड्या शब्दांत सांगितलं. रझाकारांच्या धामधुमीचं साल, भादव्याचा महिना. बायका-पोरांनी गाव सोडून सोलापूरच्या बाजूला निघायचं ठरलं, पुरुष गुरांपाशी मागे राहिले. आजीची मुलगी बारा दिवसांची. आदल्याच दिवशी उकिरड्यावर ठेवून कोंड्याला विकलेली, म्हणून इरम्माच्या छातीशी. इरम्माची स्वतःचीही तान्ही होती, पाचवी मुलगी, महिन्याची. ती आजीच्या कडेवर. दोघी एकमेकींची पोर घेऊन दोन दिवस चालल्या. तामलवाडीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठी, दुपारी, बारा दिवसांची ती गेली. ताप नाही, रडणं नाही. बांधाच्या कडेला दोघींनी हातांनी माती उकरली.

“म्या म्हणलं, इरम्मा, माझं नशीबच तसलं. कोंडाबी वाया गेला. तर ती काय म्हणली ठाव हाय?” आजीने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. “म्हणली, कडव्वा, तुझी कशी? म्या इकत घेतल्याली. माझ्या पदरात गेली ती माझी गेली. तुझ्या कडेवर हाय ती तुझी. असं म्हणली आन् डोळं पुसून फुडं चालाय लागली. म्या हाका मारल्या. मागं बघितलं न्हाय तिनं.”

“आणि बंडप्पा? तिच्या मुली?”

“पाचवी गेली म्हणून सांगितलं. कोण बघतंय त्या गर्दीत. म्या लई डाव म्हणलं, ने तुझी. तर म्हणायची, आपला देव न्हाय का दोन गावात ऱ्हात? नळदुर्गाला गेला म्हणून अणदूरचा ऱ्हात न्हाय व्हय?” आजी हसली, आणि हसताना खुबा दुखला असावा, तोंड वाकडं झालं. “मग म्या कोंडा धाडाय लागले. तिची पोर म्या घेतली, तर रीत नको का? आन् पोरगी डोळ्याफुडं जाईल वरसातनं एक डाव.”

मी शास्त्र शिकले त्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी सांगतात: एक नियम मानला की त्यातून जे जे निघतं ते सगळं मानावं लागतं, सोयीचं तेवढं घेता येत नाही. गावातल्या हजार बायकांनी कोंड्याची रीत केली असेल, आणि हजारांना ती लटकी आहे हे ठाऊक असेल. मरणाला फसवायचं नाटक, त्याला कोण खरं मानतं? एका बाईने मानलं. अंगठा उठवणाऱ्या, पाच बाळंतपणांनी खंगलेल्या, ओढ्याकाठी उभ्या असलेल्या बाईने तो नियम शेवटपर्यंत नेला आणि त्यातून निघालं ते स्वतःच्या अंगाविरुद्ध मान्य केलं. इरम्मा एकशे एक वर्षं जगली. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला होता. मला वाटलं, दिसत नसेल.

“तिची माझी बोली झाल्याली,” आजी म्हणाली. “मागं ऱ्हाईल तिनं कोंडीला सांगायचं. इरम्मा जाऊन अकरा वरसं झाली. म्या अजून सांगितलं न्हाय. आज सांगते. वर गेल्यावर इरम्मा बोलायची न्हाय माझ्यासंगं.”

मी काही म्हणण्याआधी दार उघडलं. आईच्या हातात चहाचा थर्मास, मागे निकिता. आजी म्हणाली, “कोंडे, हितं बस. तुला एक सांगायचंय.” आईने थर्मास खाली ठेवला. बसली नाही. “आत्ता कसलं सांगतीस? डॉक्टर यायलेत. आपरेशन करून परत आल्यावर सांग.” “आगं, पर—” “परत आल्यावर, म्हणलं ना माय.” आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. तिची पकड कोपराच्या वर, हाडाला लागेल अशी. व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी थांबली.

“तुला काय म्हणाली?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. खोटं बोलणं मला येत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

“सांगितलं म्हणायचं तुला,” आई म्हणाली. “मला तीनदा सांगायला बसली ती, अकरा वर्षांत. तिन्ही वेळेस मी उठून गेले. एकदा दूध उतू चाललंय म्हणून, एकदा एसटी चुकंल म्हणून, एकदा तर कायबी न सांगता.”

“तुला माहीत आहे?”

“मी काय आंधळी हुते का सोना? बारा वर्षांची असंन. दूध पिऊन होईस्तोवर इरम्मा माझ्याकडं बघत बसायची. तिच्या चार लेकी तिथंच, पण कुणाकडं तसं बघायची न्हाय. एकदा रिकाम्या वाटीत माझंच तोंड दिसलं, आन् वर बघितलं तर तेच तोंड चुलीपाशी बसल्यालं.” तिने खिडकीच्या गजावरची धूळ बोटाने पुसली. “दोघींनी येवढं सांभाळलं, त्यात मी कशाला हात घालू? मला दोघींचं मिळत हुतं.”

“मग तिला सांगू दे ना. मोकळी होईल.”

“मोकळी झाली की जाईल,” आई म्हणाली. “शब्द दिलाय तिनं. तो पुरा करायचा ऱ्हायलाय म्हणून तर थांबलीय. तुझ्या शास्त्रात हे बसत नसंल, नसू दे. मी न्हाय ऐकायची.”

अकरा वर्षं. मी मनात उजळणी करत होते: शहाऐंशीव्या वर्षी न्यूमोनिया, नव्वदीला पडली होती विहिरीच्या पायरीवर, त्र्याण्णवला कावीळ. दर वेळी डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवायचे, दर वेळी आजी उठून बसायची, आणि मी तिच्या पेशींचं कौतुक करायचे. माझी सरळ रेघ आठवली. ती चुकीची नव्हती, रक्तापुरती होती, पट्टी लहान पडली होती.

आईने कमरेची चंची सोडली. आत कोंडा होता, गव्हाचा. सकाळी गिरणीतून आणला म्हणाली. मूठभर काढून माझ्या हातावर ठेवला. “हा धर. आता हा मला परत दे, आन् म्हण, म्हातारी मी घेतली.” मी आजूबाजूला पाहिलं. वॉर्डातली मावशी बादली घेऊन चालली होती. “आई, मी एप्रनमध्ये आहे.” “मग काय, एप्रनमध्ये तोंड उघडत न्हाय?” मी कोंडा तिच्या ओंजळीत टाकला. म्हातारी मी घेतली, असं म्हटलं. माझ्या आवाजात म्हटलं, पुटपुटले नाही. आईने ओंजळ कपाळाला लावली. “आता ती माझी न्हाय. तुझी हाय. शोधत आलं कुणी, तर चुकंल.” खिशातली चिठ्ठी मी काढून तिच्या हातात दिली. तिने वाचलीच नाही. निकिताला हाक मारून देऊन टाकली. निकिताने वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे. आई म्हणाली, “बघतीस काय, डॉक्टरला दे जा,” आणि ती गेली.

रक्तपेढीत परत येऊन मी आजीसाठी रक्ताच्या दोन पिशव्या जुळवून पाहिल्या. एबी कमी मिळतं. दोनच शिल्लक होत्या. एक ईट गावच्या कुणा रणधीरने दिलेली, एक नाव न वाचलेली. काचेखाली पेशी सुट्या, एकमेकींना न चिकटता वाहत होत्या. कुठेही गुठळी नाही. मी हात धुतले होते, तरी नखात कोंड्याचं एक फोलपट राहिलं होतं. ते काढून टाकलं नाही.

शस्त्रक्रियेला पावणेदोन तास लागले. डॉक्टर गौरीशंकर बाहेर आले ते हसतच. “आजींनी आत आमच्या टेबलाची उंची चुकीची आहे म्हणून सांगितलं. हाड मात्र साठीतल्या बाईचं आहे हो.” माझी मान ताठ झाली. खोटं कशाला बोलू, जणू ते हाड मीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला टेकवून बसवल्याबरोबर आजीने आईला बोलावलं. “कोंडे, ये आता. आले की न्हाय परत? ऐक.”

“मला काय सांगतीस?” आई पेला विसळत होती. “तू माझी न्हायस आता. मी विकली तुला. सोनाची हायेस तू.”

आजीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा आईच्या पाठीकडे. “कितीला दिली?”

“मूठभर कोंड्याला.”

“लई स्वस्तात दिलीस गं,” आजी म्हणाली. “मला सूपभर पडला हुता.”

आईचे हात पेल्यावर थांबले. बाहेर मावशी फरशी पुसत होती, त्या ओल्या फडक्याचा आवाज येत राहिला. मग आईने दूध ओतलं, पेला आजीच्या हातात नीट बसवला आणि समोरची खुर्ची जवळ ओढून बसली. आजी हळूहळू पिऊ लागली. पेला रिकामा होईपर्यंत आई तिच्याकडे बघत बसली होती.